भ्यालेल्या कुत्र्याचे घर

सन २००७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झुंजी लावणाऱ्यांच्या तावडीतून सुमारे ५० कुत्री सोडविण्यात आली. ती सारी क्रूर असतील, असा पुष्कळांचा समज होता. परंतु त्यांतील कित्येक माणसाची चाहूल लागताच भीतीने अंग चोरीत.

भ्यालेले कुत्रे कान पाडते, शेपूट पायांत घालते आणि कोंडीत सापडल्यास चावतेही. शिक्षेने त्याचे भय अधिकच वाढते. म्हणून असे कुत्रे जाणत्या माणसाच्या घरीच द्यावे लागते. जाणता मनुष्य त्याच्याकडे रोखून पाहत नाही, त्याला बळेच कुरवाळीत नाही. तो ठरल्या वेळी खाणे देतो आणि ते आपण होऊन जवळ येण्याची वाट पाहतो.

पुढे त्या कुत्र्यांपैकी अनेकांना घरे मिळाली. काहींना त्यासाठी कित्येक वर्षे लागली. भ्यालेल्या मुक्या जीवाला नुसती दया पुरत नाही, धीरही हवा.