ट्रॅक्टरचा क्लच : जड प्लेट बसविण्यापूर्वीं व बसवितांना

आमच्या भागांत बैलजोड्या कमी होऊन ट्रॅक्टर वाढले, तरी ट्रॅक्टरच्या पोटांत काय आहे याची चौकशी करणारे शेतकरी थोडेच आढळतात. बैल आजारी पडला असतां त्याचे डोळे, जीभ व शेण पाहून ज्यास रोग ओळखतां येई, तोच शेतकरी ट्रॅक्टर बंद पडतांच किल्ली मिस्त्र्याच्या हातीं देतो आणि ओसरीवर जाऊन बसतो. नागपूरच्या शिवेवर हिंगण्यास महिंद्र कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. तरीहि यंत्राच्या आंतली माहिती आमच्या गांवांपर्यंत पोंचलेली नाहीं. आम्हीहि याच वर्गांतले होतों. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून काटोल तालुक्यांतील वडिलोपार्जित जमिनीकडे आम्ही वळलों, आणि क्लच या एका भागानें आम्हांस दोन रब्बी हंगामांत पुरतें शहाणें केलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम क्लचचें काम काय तें पाहूं. इंजिनच्या मागील टोकास फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. त्यास लागून क्लचप्लेट व तिच्या पाठीशीं प्रेशर प्लेट बसविलेली असते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात, आणि केवळ या दाबाच्या घर्षणावर इंजिनची शक्ति गिअरपेटीकडे जाते. आपण पायदान दाबतों तेव्हां एक बेअरिंग पुढें सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकतें, दाब सुटतो व प्लेट मोकळी होते. यांत दांता नाहीं, खिळा नाहीं, कुलूप नाहीं. आहे ती फक्त पकड. ४५ अश्वशक्तीचें इंजिन मिनिटास २००० फेऱ्यांवर पूर्ण शक्ति देत असेल तर त्याचा पीळ सुमारें १६ किलोग्रॅम-मीटर भरतो, म्हणजे एक मीटर लांबीच्या पहारेच्या टोकास सोळा किलोचें ओझें टांगल्यावर पडेल तेवढा. भारामुळें फेऱ्या उतरल्या म्हणजे हा पीळ आणखी वाढतो. म्हणून क्लच मुळांतच याहून पुष्कळ अधिक पेलणारा बनवितात. असा क्लच घसरूं लागला, तर ही राखीव पकड गेली कोठें, हा पहिला प्रश्न होय. हा प्रश्न आम्ही पहिल्या खेपेस विचारला नाहीं.

सोयाबीन निघून गव्हाच्या पेरणीकरितां मोरंड जमिनींत रोटाव्हेटर चालू होता. इंजिनचा आवाज चढे, पण ट्रॅक्टर पुढें सरेना, आणि जळक्या लायनिंगचा उग्र वास सुटला. शहरांतील एका दुकानांत ट्रॅक्टर नेला. तेथें नवी प्लेट बसवून एका दिवसांत परत दिला, याचें आम्हांस कौतुकच वाटलें. ती प्लेट पुढच्या कार्तिकापर्यंतहि टिकली नाहीं. दुसऱ्या खेपेस ओल उडत चाललेली, भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना, आणि नऊ दिवस शेत तसेंच पडून राहिलें. ज्यांची जमीन काळी किंवा मोरंड आहे त्यांना या नऊ दिवसांची किंमत सांगावयास नको.

यावेळीं शेजारच्या गांवच्या एका वृद्ध मिस्त्र्यास आमच्या अंगणांतच बोलाविलें. त्यानें ट्रॅक्टर उघडला आणि आम्हांस बाजूला बसूं न देतां प्रत्येक भाग दाखविला. पंचनाम्याची संवय आम्हांस होतीच. आम्ही कागद घेऊन लिहीत गेलों. प्लेटच्या लायनिंगवर तेलाचा ओलावा होता, कारण इंजिनच्या मागील ऑइल सीलमधून तेल पाझरत होतें. फ्लायव्हीलवर निळे डाग व केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या, व तो पृष्ठभाग मागील खेपेस लेथवर साफ केलेलाच नव्हता. प्रेशर प्लेट जुनीच होती. आणि दाब सोडविणारें बेअरिंग इतकें झिजलें होतें कीं, तें जणूं दिवसभर बोटांवर टेकूनच फिरत असावें. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, हे पलेट नांगरानं नाही जळली, पायानं जळली." ट्रॅक्टर चालविणारा आमचा पुतण्या जवळच उभा होता. तो म्हणाला, "काका, खड्डा आला तं पटकन दाबाले पाय तिथच पायजे ना." पायदानावर टेकलेल्या पायाचें वजन कितीहि थोडें असो, तें स्प्रिंगांचा दाब कमी करतें, प्लेट किंचित् घसरत राहते, आणि घसरण्याची उष्णता लायनिंग खाते.

येथें आमच्या हातून एक चूक झाली. दुकानदारांकडून ऐकलें होतें कीं, साध्या प्लेटऐवजीं सिरॅमिकचे तुकडे बसविलेली जड प्लेट घातली कीं पुन्हां पाहावें लागत नाहीं. तीच बसवावी असा आम्हीं हट्ट धरला. मिस्त्र्यानें सांगून पाहिलें : "पलेट मजबूत लावसान तं पलेट नाही तुटणार, मंग तिच्या पुढचं काही तुटन."

जड क्लचचा हा मोह केवळ शेतकऱ्यांचा नव्हे. अमेरिकेंत १९६४ च्या सुमारास पाँटिअॅक कंपनीनें मध्यम आकाराच्या मोटारींत सुमारें ६.४ लिटरचें मोठें इंजिन घालून जीटीओ ही गाडी काढली, आणि 'मसल कार' म्हणजे पिळदार मोटार हा प्रकार लोकप्रिय झाला. अशा गाड्यांचे मालक इंजिनची शक्ति आणखी वाढवितात, मग मूळचा क्लच घसरतो आणि ते कडक स्प्रिंगांची प्रेशर प्लेट व धातु-सिरॅमिकची प्लेट बसवितात. त्यांचें करणें हिशेबाचें आहे, कारण तेथें पीळच वाढलेला असतो. आमच्या इंजिनची शक्ति तसूभरहि वाढली नव्हती. वाढली होती ती तेलगळती आणि पायाची वाईट खोड, आणि या दोहोंवर सिरॅमिक हें औषध नव्हे. सिरॅमिकची पकड मोठी खरी व ती उष्णता अधिक सोसते, परंतु ती एकदम धरते. तिला साध्या लायनिंगचा मऊपणा नाहीं, आणि समोरच्या फ्लायव्हीलची झीज ती अधिक करते. दिवसभर लोडर चालविणारे किंवा भारी ओढकाम करणारे यांना ती उपयोगी पडेल. रोटाव्हेटर व संत्र्याची ट्रॉली एवढेंच काम असणाऱ्यास चांगली साधी प्लेट पुरते, असें आतां आमचें मत झालें आहे.

जोडणीचें काम मात्र त्या मिस्त्र्यानें असें केलें कीं तें सविस्तर सांगण्याजोगें आहे. ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट बहुधा नसते. इंजिन व गिअरपेटी हाच त्याचा कणा, आणि क्लचपर्यंत जाण्याकरितां हा कणाच मधोमध अलग करावा लागतो. पुढचा आंस मध्यभागीं एका खिळीवर डोलता असल्यामुळें अलग झालेलें इंजिन कुशीवर पडण्याचें भय असतें. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं आंस व इंजिन यांच्यामध्यें दोन्ही बाजूंस लांकडी पाचरी घट्ट ठोकाव्या, मागील चाकांस अडण द्यावें, आणि गिअरपेटीखालीं केवळ जॅक न ठेवतां भक्कम आधार रचावा. या पाचरी न ठोकतां ट्रॅक्टर उघडणाऱ्याच्या हातीं आपलें यंत्र व आपलीं माणसें देऊं नयेत. आंतील धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. जुन्या लायनिंगांत अॅस्बेस्टॉस असूं शकतो व तो फुफ्फुसांस घातक आहे; ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी.

फ्लायव्हील लेथवर साफ करून आणलें, ऑइल सील नवें घातलें, प्रेशर प्लेट व दोन्ही बेअरिंगें बदललीं. प्लेटला दोन बाजू असतात. उलटी बसली तरी ती जागेवर बसल्यासारखी दिसते, आणि ट्रॅक्टर पुन्हां जोडल्यावर चूक उमगते. म्हणून तिच्यावरची खूण आधीं वाचावी. प्लेट नेमकी मध्यावर येण्याकरितां गिअरपेटीच्या दांड्यासारखाच एक नकली दांडा आरपार घालून मगच बोल्ट आवळले, तेहि समोरासमोरचे आळीपाळीनें व थोडे थोडे. दांड्याच्या खाचांना ग्रीस नखाएवढेंच लावलें. जास्त झालें तर फिरतांना उडून लायनिंगवरच जातें. शेवटीं तिन्ही बोटें एका उंचीस आणलीं. ज्यांचा क्लच दुहेरी आहे, म्हणजे पायदान अर्धें दाबलें असतां चाकें व पूर्ण दाबलें असतां पीटीओ थांबतो, त्यांच्याकडे बोटांचे दोन संच असतात व दोन्ही जुळवावे लागतात.

पायदानाची मोकळी चाल हा विषय लहान दिसतो, पण बहुतेक प्लेटा येथेंच जातात. बेअरिंग बोटांस टेकण्यापूर्वीं पायदान जेवढें विनाकष्ट खालीं जातें ती मोकळी चाल. ती पुष्कळ ट्रॅक्टरांत पाऊण ते एक इंच असते, तथापि आपल्या पुस्तिकेंतील माप हेंच प्रमाण मानावें. प्लेट झिजते तसतशी ही चाल कमी होत जाते, आणि ती शून्यावर आली म्हणजे कोणी पाय न ठेवतांहि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. जोडणीनंतर ट्रॅक्टर सपाट मोकळ्या जागीं उभा करावा, मोठा गिअर टाकून ब्रेक धरावा व क्लच हळूहळू सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडलें तर पकड ठीक आहे. ही परीक्षा वारंवार घेऊं नये, तीच प्लेट जाळते.

मिस्त्र्याचें भाकीत खरें ठरण्यास महिनाहि लागला नाहीं. आमचा क्लच एकेरी, त्यामुळें रोटाव्हेटरची शक्तिहि त्याच प्लेटमधून जाते. पुतण्यानें जुन्या संवयीनें पायदान झटक्यानें सोडलें, रोटाव्हेटर ओल्या ढेकळांत रुतलेला होता, प्लेट घसरली नाहीं आणि पीटीओच्या दांड्याचा क्रॉस मोडला. साधी प्लेट असती तर ती क्षणभर घसरून धक्का गिळती. पुतण्या आमच्याकडे पाहत होता, आणि आम्ही मिस्त्र्याकडे पाहण्याचें टाळीत होतों.

तेव्हांपासून पायदानाजवळ, पण त्यापासून दूर, पाय ठेवण्यास एक पत्र्याची पट्टी आम्हीं बसवून घेतली आहे. ट्रॅक्टरचीहि एक नोंदवही घातली असून तींत तारीख, मीटरवरील तास, मोकळी चाल व केलेलें काम असे चार रकाने आहेत. दर अमावास्येस पुतण्या स्वतः पट्टी लावून चाल मोजतो व आंकडा लिहितो. गेल्या नोंदींत त्याचा एकच शेरा आहे : "चाल थोडी कमी भरली, बरोबर केली. काकांना दाखविली."