खाते कोणत्या पेढीवर उघडावे?
विकेंद्रित समाजमाध्यमांतील सर्व्हरची पारख

व्यापाऱ्याचे भांडवल दोन ठिकाणी असते. एक त्याच्या तिजोरीत व कोठारात, आणि दुसरे बाजारातील त्याच्या नावात. पहिल्याची मोजदाद आपण दर दिवाळीस करतो. दुसऱ्यास साख म्हणतात व तिची नोंद कोणत्याही खतावणीत सापडत नाही. अलीकडे या दुसऱ्या भांडवलाचा मोठा भाग समाजमाध्यमांवर जाऊन बसला आहे. नव्या मालाची आवक, दुकानाची वेळ, सणाच्या शुभेच्छा, ग्राहकाची तक्रार व तिला दिलेले उत्तर हे सर्व तेथे घडते. असे असता, ज्या जागेवर आपण ही साख मांडली ती जागा कोणाच्या मालकीची आहे, याची चौकशी मात्र आपल्यापैकी थोडेच करतात.

ही चौकशी का करावी, याची उदाहरणे दूरची नाहीत. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले. भारतीय भाषांसाठी निघालेले कू जुलै २०२४ मध्ये थांबले. ट्विटर बंद झाले नाही, तथापि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचे मालक बदलले, जुलै २०२३ मध्ये नाव बदलून एक्स झाले, आणि त्याबरोबर तेथील नियमही बदलले. या प्रत्येक ठिकाणी वर्षानुवर्षे जमविलेला गोतावळा उचलून दुसऱ्या माध्यमावर नेण्याची सोय सामान्य माणसास नव्हती. एकच मालक, एकच दार. ते बंद झाले की आतला माल आत व बाहेरचा माणूस बाहेर.

हुंडीचा न्याय

या अडचणीवर उपाय म्हणून जी व्यवस्था उभी राहिली तिला विकेंद्रित समाजमाध्यम म्हणतात. तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे जर्मनीतील ऑयगेन रोचको यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन. ही एक कंपनीची एक पेढी नव्हे. मॅस्टोडॉन ही मुक्त आज्ञावली आहे. ती कोणासही आपल्या संगणकावर बसवून स्वतःचा सर्व्हर चालविता येतो. असे हजारो सर्व्हर आज जगात आहेत व ते परस्परांशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या ठरीव रीतीने बोलतात. वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये या रीतीस अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला.

आपल्या वाचकांस ही गोष्ट समजण्यास जड जाऊ नये. आपल्या पूर्वजांच्या काळी इंदूरच्या पेढीने लिहिलेली हुंडी हैदराबादची पेढी सकारीत असे. दोन्ही पेढ्यांचा मालक एक नसे, वह्या एक नसत. परंतु लिहिण्याची रीत एक होती व परस्परांची साख माहीत होती. येथेही तसेच आहे. एका सर्व्हरवरील माणूस दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाचे लेखन वाचू शकतो, त्यास उत्तर देऊ शकतो. म्हणूनच येथील पत्त्याचे दोन भाग असतात: आधी माणसाचे नाव, मग त्याच्या सर्व्हरचे नाव. ज्याचे नाव आपल्या नावास जोडले जाणार, त्याची पारख आधी करणे हे ओघानेच आले.

नोव्हेंबर २०१९ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते स्थगित झाल्याच्या निषेधार्थ अनेक भारतीय मंडळी मॅस्टोडॉनवर गेली. तेथे पोहोचताच सर्वांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हाच: इतक्या सर्व्हरांपैकी कोणता निवडावा?

सर्व्हरच्या चालकाच्या हाती काय असते?

पारख करण्यापूर्वी, आपण त्याच्या स्वाधीन काय करतो ते पाहावे. आपला ई-मेल पत्ता, आपले सर्व लेखन, आपण कोणास अनुसरतो व कोण आपणांस अनुसरते याची यादी, हे सर्व त्याच्या संगणकात असते. दोघांतील खाजगी निरोपही तेथेच असतात. हे निरोप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या अशा दोन्ही सर्व्हरांच्या चालकांना ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. यास्तव खरेदीचा भाव, बँकेचा खातेक्रमांक किंवा घरातील नाजूक बाब तेथे कधीही लिहू नये. सर्व्हर कितीही चांगला असला तरी हा नियम मोडू नये.

चालक प्रामाणिक असूनही धोका संभवतो. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा नावाच्या सर्व्हरच्या एका चालकाच्या घराची एफ.बी.आय.ने झडती घेतली. प्रकरण सर्व्हरशी संबंधित नव्हते. परंतु त्या वेळी सर्व्हरच्या माहितीची एक प्रत कुलूपबंद न केलेल्या स्थितीत त्याच्या घरी होती, व तीही जप्तीत गेली. हजारो निरपराध सभासदांच्या नोंदी अशा रीतीने परक्या हाती पडल्या. मुनीम सचोटीचा असला तरी वही उघडी टाकून निजत असेल, तर धन्याचे नुकसान व्हावयाचे ते होतेच.

पारखण्याच्या कसोट्या

पहिली कसोटी चालकाची. प्रत्येक मॅस्टोडॉन सर्व्हरास परिचयाचे एक पान असते. चालक कोण, त्याच्याशी पत्रव्यवहार कसा करावा, नियम कोणते, हे त्या पानावर असावे. जेथे चालकाचे नाव वा संस्था स्पष्ट नाही आणि नियम एका ओळीत उरकले आहेत, तेथून मागे फिरावे. आपण अनोळखी आडत्याकडे माल उतरवीत नाही. मग येथे निराळा न्याय का लावावा?

दुसरी कसोटी पैशाची. सर्व्हर चालविण्यास यंत्राचे भाडे, साठवणीचा खर्च व माणसाचा वेळ लागतो. सभासदाकडून काही घेतले जात नसेल तर हा खर्च कोण भरतो, हे व्यापाऱ्याने विचारावयाचे नाही तर कोणी विचारावे? बहुतेक सर्व्हर देणग्यांवर चालतात. ज्यांचा जमाखर्च उघड असतो त्यांस अधिक गुण द्यावेत. सोशल.कोऑप हा सर्व्हर सहकारी तत्त्वावर चालतो. सभासद वर्गणी देतात, निर्णयात भाग घेतात व हिशेब सर्वांस पाहता येतो. सहकारी पतपेढ्यांच्या प्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळींस ही पद्धत परकी वाटणार नाही. मोठ्या नावावर मात्र विसंबू नये. मोझिला या सुप्रसिद्ध संस्थेने उघडलेला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. भांडवल मोठे असले म्हणजे त्या धंद्यात टिकून राहण्याची इच्छाही मोठी असते, असे नाही.

तिसरी कसोटी शिस्तीची. अपशब्द, फसवणूक व खोटी नावे यांविरुद्ध नियम असून ते अमलात येतात काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये उपद्रवी मंडळींनी अनेक लहान सर्व्हरांवर, जेथे कोणासही विनाचौकशी खाते मिळत असे व देखरेख करणारे कोणी जागेवर नव्हते तेथे, खोटी खाती उघडली आणि सर्व जाळ्यात निरर्थक संदेशांचा पूर आणला. त्यानंतर मॅस्टोडॉनच्या कर्त्यांनी, जेथे देखरेख करणारे कोणी फिरकत नाही तेथे अर्ज मंजूर झाल्यावरच खाते मिळावे, अशी मांडणी केली. दारावर कोणी दोन प्रश्न विचारले तर रागावू नये. आत गेल्यावर आपले शेजारी कसे असतील याची ती हमी असते.

या कसोटीचा दुसरा पदर अधिक महत्त्वाचा आहे. एक सर्व्हर दुसऱ्याशी व्यवहार तोडू शकतो. ज्या पेढीच्या हुंड्या वारंवार खोट्या निघाल्या तिच्या हुंड्या इतर पेढ्या परत करू लागत, तसेच हे आहे. आपण स्वतः सज्जन असलो तरी आपला सर्व्हर उपद्रवी लोकांचा अड्डा झाल्यास दुसरे सर्व्हर त्याचे दार बंद करतात, व तेथील आपले वाचक एका रात्रीत तुटतात. उलट, आपलाच चालक क्षुल्लक कारणांवरून चहूकडे संबंध तोडणारा असेल तरी नुकसान आपलेच. कोणाशी व्यवहार बंद आहे व का, याची यादी पुष्कळ सर्व्हर परिचयाच्या पानावर देतात. ती अवश्य वाचावी.

चौथी कसोटी देखभालीची. आज्ञावलीत दोष सापडतात व त्यांवर दुरुस्त्या निघतात. जुलै २०२३ मध्ये मॅस्टोडॉनमध्ये एक अत्यंत गंभीर दोष आढळला. त्यावरील दुरुस्ती ४.१.३ या आवृत्तीत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्याचे सोंग घेऊन खाते बळकाविता येईल असा दोष निघाला, तो ४.२.५ या आवृत्तीत दुरुस्त झाला. आवृत्तीचा क्रमांक सर्व्हरच्या पानावर छापलेला असतो. तो ताज्या आवृत्तीच्या फार मागे असेल, तर दुकानाचे कुलूप नादुरुस्त आहे असे समजावे.

पाचवी कसोटी वचनाची. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरास एक करार पाळावा लागतो. त्यातील अटी अशा: द्वेषमूलक लेखनाविरुद्ध सक्रिय देखरेख ठेवावी, दररोज माहितीची राखीव प्रत काढावी, चालकाखेरीज निदान आणखी एका माणसाकडे आणीबाणीच्या वेळी यंत्रात प्रवेश करण्याचा अधिकार असावा, आणि बंद करावयाचे झाल्यास सभासदांस किमान तीन महिने आधी सूचना द्यावी. तिजोरीची दुसरी किल्ली भागीदाराकडे ठेवण्याची आपली चाल आणि ही तिसरी अट यांत फरक नाही. शेवटची अट किती मोलाची आहे ते मॅस्टोडॉन.लोल या सर्व्हरवरून दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मनस्तापास कंटाळून त्याच्या एकट्या चालकाने सर्व्हर आवरण्याचे जाहीर केले. परंतु मुदत मेपर्यंत दिल्याने हजारो सभासदांस आपले बिऱ्हाड हलविता आले.

बिऱ्हाड हलविण्याचा हक्क

या व्यवस्थेचा खरा लाभ येथेच आहे. सर्व्हर पसंत पडला नाही तर दुसरीकडे खाते उघडून जुन्या खात्यावरून स्थलांतर जाहीर करता येते. आपले अनुयायी बहुशः आपोआप नव्या पत्त्यावर येतात. आपण ज्यांस अनुसरतो त्यांची यादी उतरवून घेऊन नव्या ठिकाणी चढवावी लागते. परंतु तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुने लेखन नव्या खात्यात जात नाही. त्याची प्रत आपणच मागवून जपावी. एकदा स्थलांतर केल्यावर तीस दिवस पुन्हा करता येत नाही. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, अनुयायी हलविण्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. तो अकस्मात बुडाला तर अनुयायीही त्याबरोबर जातात. सबब, याद्यांची प्रत दर महिन्यास काढून ठेवण्याचा प्रघात पाडावा. ज्या घरात रोजमेळ रोज मिळतो त्या घरास हे कठीण नाही.

मोठ्या पेढीस किंवा संघास स्वतःचा सर्व्हर ठेवण्याचा विचार सुचेल. त्यात नाव आपले व नियम आपले, हा लाभ निश्चित आहे. नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी असा सर्व्हर उघडला, तो याच हेतूने. परंतु देखभाल करणारा जाणता माणूस नेमल्यावाचून या फंदात पडू नये. लहान दुकानदारास सोपा मार्ग आहे: दुकानाचे स्वतःचे संकेतस्थळ असल्यास त्यावर आपल्या खात्याचा दुवा विहित रीतीने द्यावा. मग खात्यावर ते संकेतस्थळ तपासलेले म्हणून हिरव्या खुणेने दिसते, व आपल्या नावाने कोणी तोतया उभा राहिला तर ग्राहकास खरे-खोटे कळते.

सर्व्हरच्या नावाची शेपटीही पाहावी. काही शेपट्या परदेशांच्या असतात व त्यांवर त्या त्या राजवटीचा अधिकार असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या शेपटीचा एक सर्व्हर तेथील सत्तेने नाव काढून घेतल्यामुळे अदृश्य झाला. नाव गोड आहे एवढ्यावरून भुलू नये.

सारांश, सभासद बंधुभगिनींस आमची सूचना अशी: प्रथम दोन-तीन सर्व्हर निवडून त्यांची परिचयाची पाने वाचावीत, चालक, जमाखर्च, नियम, आवृत्ती व करार या पाच बाबी कागदावर मांडाव्यात, मग एका ठिकाणी खाते उघडून महिनाभर केवळ वाचीत राहावे. तक्रार केल्यास उत्तर येते काय, यंत्र वारंवार बंद पडते काय, शेजाऱ्यांची भाषा कशी आहे, हे तेवढ्यात कळते. समाधान झाल्यावरच पेढीचे नाव तेथे लावावे व तो पत्ता पावतीपुस्तकावर छापावा. घरातील मुलामुलींची खाती उघडतानाही हाच क्रम ठेवावा; त्यांचे नाव तर अजून बाजारात यावयाचे आहे.