अपुऱ्या हाताचा भाव

कॉलेजच्या वार्षिकात पत्त्यांवर लेख लिहायचा म्हणजे थोडे धाडसच. पण मेंढीकोट आणि बदाम सात येत नाही असा विद्यार्थी निदान आमच्या वर्गात तरी नाही, आणि मोबाईलवर पोकर कधी पाहिलाच नाही असा मुलगाही विरळाच. तेव्हा विषय अगदीच परका नाही. मला त्यातल्या एकाच प्रश्नाविषयी लिहायचे आहे. हात अजून बनलेला नाही, पण एखादे पान आले तर बनेल. अशा वेळी पैसे घालून पुढचे पान पाहावे, की पाने टाकून द्यावीत? इंग्रजीत अशा हाताला ‘ड्रॉइंग हँड’ म्हणतात. मी त्याला अपुरा हात म्हणते.

आधी खेळ थोडक्यात. ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलावर तीन पाने उघडी मांडतात, नंतर चौथे, शेवटी पाचवे. ही पाच पाने सर्वांची सामाईक. आपल्या दोन आणि टेबलावरच्या पाच, अशा सातांतून ज्याची पाच पाने भारी, त्याचा पॉट. दर टप्प्याला पैसे लावायचे असतात. तीन पत्तीत आपण ज्याला चाल आणि पॅक म्हणतो, तेच इथेही.

समजा, माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी आहे. टेबलावर बदामचा राजा, बदामची चौकी आणि इस्पिकची अठ्ठी. म्हणजे चार बदाम झाले. पाचवा आला की फ्लश, आणि तोही एक्क्याचा. मी एकूण पाच पाने पाहिली, न पाहिलेली राहिली 47. तेरा बदामांपैकी चार दिसले, उरले नऊ. पुढचेच पान बदाम निघण्याची शक्यता 47 त 9, म्हणजे शेकडा 19. पुढची दोन्ही पाने मिळून हिशेब करायचा तर उलटीकडून मोजणे सोपे पडते. पहिले पान बदाम नसण्याची शक्यता 47 त 38, त्यानंतरचेही नसण्याची 46 त 37. गुणाकार केला की शेकडा 65 येतात. तेव्हा निदान एक बदाम येण्याची शक्यता उरली शेकडा 35. मुरलेले खेळाडू एवढी आकडेमोड करीत बसत नाहीत. ते हवी असलेली पाने मोजतात आणि दोन पाने यायची असतील तर चाराने, एकच यायचे असेल तर दोनाने गुणतात. नऊ पानांचे 36 आणि 18 येतात, काम भागते.

आता भाव. पॉटमध्ये 100 रुपये आहेत आणि समोरच्याने 50 ची चाल केली. मी 50 घातले की एकूण 200 होतील, त्यांत माझा हिस्सा चौथा. म्हणजे शंभरांत पंचवीस वेळा तरी मी जिंकत असेन, तरच हा सौदा बरोबरीचा. पस्तीस पंचविसापेक्षा मोठे, मग घाला पैसे! असे वाटते खरे, पण बहुतेकांचा घोटाळा होतो तो इथेच. पस्तीस हा आकडा दोन पानांचा आहे आणि हे 50 रुपये एकाच पानाचे आहेत. चौथे पान चुकले की समोरचा पुन्हा चाल करणार आणि पाचव्या पानासाठी पुन्हा किंमत मागणार. त्याने जवळचे सगळेच पैसे आत लोटले असतील तरच पस्तीस धरावेत. एरवी तुलना 19 आणि 25 ची. आणि ती तोट्याची.

माझा मावसभाऊ गोदामात रात्रपाळी करी आणि सुटल्यावर फोनवर पैसे लावून हाच खेळ खेळे. पुढे संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला आणि आपल्याकडच्या ॲप्सनी ती टेबले मिटवली. पण तोवर त्याची हप्त्यावरची मोटारसायकल परत गेली होती. मावशीच्या घरी त्याला फुटक्या नशिबाचा म्हणतात. तो स्वतःही तेच म्हणतो, “बदाम नेमका माझ्याच वेळी येत नाही.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली; त्यामुळे आकडेमोडीचे काम आले की ते माझ्याकडे येते. गेल्या दिवाळीत मी त्याला आठवतील तेवढे डाव वहीत उतरवून घेतले. त्यांत बदाम साधारण पाचांत एकदा येत होता, म्हणजे यायला हवा तेवढाच. दादा मात्र चारांत एकदा, कधी तर तिनांत एकदा येईल या भावाने पैसे मोजत होता. यात नशिबाचा काय दोष? हे मावशीला पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. अजून पूर्ण पटले आहे असे वाटत नाही.

दादाने एक शंका मात्र चांगली काढली. समोरच्याकडे राजाची जोडी असेल तर बदामच कशाला, एक्का आला तरी माझी जोडी भारी. म्हणजे आणखी तीन पाने. नऊ आणि तीन बारा. 47 त 12 म्हणजे शेकडा साडेपंचवीस. सौदा काठावर जमला! पण ही तीन पाने नऊइतकी खात्रीची नाहीत. समोरच्याकडे एक्का-राजा असेल तर एक्का येऊन उपयोग शून्य. नऊही कधी कधी पुरे नऊ नसतात: त्याच्याकडे तीन राजे झाले असतील तर बदामच्या अठ्ठीने माझा फ्लश होतो, पण टेबलावर अठ्ठीची जोडी होऊन त्याचे फुल हाउस होते, आणि ते फ्लशहून भारी.

शिवाय टेबलावर न बसलेला एक गडी असतो: खेळ चालवणारी कंपनी. ती पॉटमधून आपला वाटा काढते. समजा शेकडा पाच काढले. आता जिंकलो तरी हातात 200 नव्हे, 190 च येणार. मग 50 साठी लागणारी शक्यता 25 वरून सव्वासव्वीसच्या वर गेली आणि काठावर जमलेला सौदा काठावरून खाली पडला. दादाच्या वहीत हा हिशेब कुठेच नव्हता.

दुसऱ्या बाजूने, बदाम आल्यावर समोरचा आणखी पैसे देणार असेल तर तेही धरायला हवेत. वरच्या उदाहरणात नऊ बदामांवरच विसंबायचे तर पुढे सरासरी 61 रुपये जास्तीचे मिळायला हवेत, तेव्हा कुठे बरोबरी होते (कंपनीचा वाटा सोडून). पण टेबलावर तिसरा बदाम पडलेला पाहून मुकाट्याने 61 रुपये देणारा भेटायला हवा!

अपुरा हात खेळण्याची तिसरीही रीत आहे: चाल स्वीकारायची नाही, आपणच करायची. पॉट 100 चा, मी 100 लावले. समोरच्याने दोनांत एकदा पाने टाकली तर एकदा 100 मिळाले, एकदा 100 गेले. हातात काही नसतानाही बरोबरी. मग माझे नऊ बदाम हा निव्वळ नफा. याचे प्रसिद्ध उदाहरण 2003 मधले, लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधले. ऑनलाइन पात्रता खेळून आलेला टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला सॅम फरा असे दोघेच उरले होते. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. टेबलावर चार पाने: इस्पिकची नव्वी, छक्की, अठ्ठी आणि चौकटची दुर्री. इस्पिकची नऊ पाने आणि त्याशिवाय क्रम पुरा करणाऱ्या दश्शी-पंजीची सहा, मिळून पंधरा; 46 त पंधरा. त्याने फराची चाल वाढवली. फराने ती स्वीकारली. (फराकडे इस्पिकची राणी होती, म्हणजे खरी पाने चौदाच, पण ते मनीमेकरला कसे कळावे?) पाचवे पान आले बदामची तिर्री. काहीच बनले नाही. मनीमेकरने सगळे पैसे आत लोटले आणि नव्वीची जोडी हातात असलेल्या फराने पुष्कळ विचार करून पाने टाकली. पुढे मनीमेकरने 25 लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले.

हे सगळे मी दादाला सांगितले. तो हसला. म्हणाला, “आमच्या टेबलावर फरा कुणी नव्हता. दहा रुपयांच्या डावात कोण पाने टाकतो?” ते खरेच आहे. समोरचा पाने टाकणारच नसेल तर ही तिसरी रीत बाद होते आणि उरतो तो नऊ आणि सत्तेचाळीसचा हिशेब, तोही बटन दाबायला काही सेकंदच असताना करायचा.