जुना फोन देऊन नवा घेतांना

जुनें देऊन नवें घेण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. जुन्या लुगड्यांचें गाठोडें पुढें टाकून, दारांत बसलेल्या बोहारणीशीं घटका घटका घासाघीस करून एखादें पातेलें मिळविणाऱ्या आज्या आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. नाशिक शहर तर तांब्यापितळेच्या भांड्यांबद्दल प्रसिद्धच. फुटका हंडा दुकानीं नेला म्हणजे त्याचें वजन होई, मोडीच्या भावानें पैसे वळते होत, आणि वरची रक्कम मोजून नवा हंडा घरीं येई. या व्यवहारांत कोणी कोणास फसवीत नसे असें नाहीं. परंतु हंडा एकदां गेला म्हणजे गेला. त्याच्या पोटांत घरांतील गुपित लपून जात नसे, आणि नव्या धन्याच्या घरीं तो हंडा “जुन्या मालकास विचारल्यावांचून मी पाणी भरूं देणार नाहीं” असें म्हणत नसे. हल्लींचा स्मार्टफोन या दोन्ही गोष्टी करतो.

तेव्हां तो विकण्यापूर्वीं काय करावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें असें मनांत आलें. याचें मूळ आमच्याच एका चुकींत आहे. ती आधीं सांगून टाकणें बरें.

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं नवा फोन घेतला व जुना आमच्या ओळखीच्या एका गृहस्थास अल्प किंमतीस दिला. भात निघाल्यावर सुरगाणा तालुक्यांतील अनेक कुटुंबें दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामास जातात, तसे तेही जात. मागें राहिलेल्या मुलांशीं रात्रीं बोलतां यावें, एवढाच त्यांचा हेतु होता. फोनांतील सर्व कांहीं पुसून द्यावें हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून आम्हीं फोनाच्या कडेचीं बटणें दाबून धरून तो कोरा केला, आणि मोठ्या समाधानानें त्यांच्या हातीं ठेवला. बागेवर पोहोंचून त्यांनीं तो चालू केला, तों पडद्यावर पूर्वीच्या मालकाच्या खात्याची व पासवर्डाची मागणी उभी! आमचा नंबर त्यांच्याजवळ नव्हता. दुरुस्तीच्या एका दुकानांत ते गेले, तेव्हां फोन कोणाचा व पावती कोठें आहे असें त्यांस विचारण्यांत आलें. पावती आम्हीं दिलीच नव्हती. चार माणसांदेखत चोराकडे पाहावें तसें त्यांच्याकडे पाहिलें गेलें. दोन दिवसांची मजुरी बुडवून ते एस. टी. नें सुरगाण्यास परत आले, आणि आमच्या दारांत उभे राहून इतकेंच म्हणाले, “गुरुजी, हा तुमचें नांव मागतो आहे.” आम्हीं पासवर्ड घातला, अर्ध्या मिनिटांत फोन उघडला.

हें कुलूप वाईट हेतूनें घातलेलें नाहीं, हें प्रथम समजून घ्यावें. फोन चोरून कोरा केला कीं तो बाजारांत निर्धास्त विकतां येई. यास आळा बसावा म्हणून ॲपल कंपनीनें २०१३ सालीं व अँड्रॉइडनें २०१५ च्या सुमारास अशी योजना केली कीं, फोन बाहेरून बटणें दाबून पुसला तरी त्यानें आपल्या जुन्या धन्याचें खातें विसरूं नये. फोनास चोर आणि विसराळू शिक्षक यांतील भेद कळत नाहीं. म्हणून क्रम असा ठेवावा: फोन चालू स्थितींत असतांनाच सेटिंगमध्यें जाऊन त्यांत नोंदविलेलीं सर्व खातीं काढून टाकावीं, आयफोन असल्यास ‘फाइंड माय’ ही सोय बंद करावी, आणि मग त्या सेटिंगमधूनच फोन कोरा करण्याची आज्ञा द्यावी. शेवटीं तो पुन्हां चालू करून पाहावा. जुनें खातें न मागतां तो नव्या माणसासारखें स्वागत करूं लागला, म्हणजे काम झालें. खरेदी करणाऱ्यानेंही पैसे देण्यापूर्वीं एवढी परीक्षा करून घ्यावी.

आतां फोनाच्या पोटांतील गोष्टींकडे वळूं. आपल्या भागांत फोन म्हणजे घरची दप्तरपेटीच झाली आहे. आधार कार्डाचा फोटो, जातीचा दाखला, सातबाऱ्याचा उतारा, वनहक्काच्या दाव्याचे कागद, बँकेच्या पुस्तकाचें पहिलें पान, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हें सारें फोटो काढून त्यांतच ठेवलेलें असतें. कारण तालुक्याच्या गांवीं कोणत्या कचेरींत कोणता कागद मागतील याचा नेम नसतो. त्यांतच घरच्या आठवणी. २०१८ च्या मार्च महिन्यांत नाशिकहून मुंबईस शेतकऱ्यांचा जो मोठा पायीं मोर्चा गेला, त्यांत या तालुक्यांतील लोक मोठ्या संख्येनें होते. त्या वाटचालीचीं छायाचित्रें कित्येकांच्या जुन्या फोनांतच असतील. गेलेल्या आजीचा आवाज एखाद्या संदेशांत असेल. म्हणून पुसण्याच्या आधीं सर्व कांहीं नव्या फोनांत किंवा संगणकावर उतरवून घ्यावें, आणि उतरलें कीं नाहीं हें उघडून पाहावें. व्हॉट्सॲपवरील संभाषण आपोआप नव्या फोनांत येत नाहीं. तेंही आधीं हलवावें लागतें. या कामीं घाई करून नंतर हळहळणारीं माणसें आम्हीं अनेक पाहिलीं आहेत.

“मी तर फोटो एकेक करून काढून टाकले, मग भीति कसली?” असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. आपल्या शाळेचें ग्रंथालय डोळ्यांपुढें आणा. एखाद्या पुस्तकाचें नांव नोंदवहींतून खोडलें म्हणून पुस्तक कपाटांतून नाहींसें होत नाहीं. शोधणारा कपाट धुंडाळील तर तें त्यास सांपडेल. फोनांत फोटो नुसता काढून टाकणें हें बहुधा नोंद खोडण्यासारखें असतें. कोऱ्या जागेंत नवी माहिती येऊन बसेपर्यंत जुनी परत मिळविणारीं साधनें निघालेलीं आहेत. संपूर्ण फोन कोरा करण्याची गोष्ट निराळी. अलीकडील फोनांत सारी माहिती सांकेतिक लिपींत लिहिलेली असते, व ती वाचण्याची किल्ली फोनाच्या आंतच ठेवलेली असते. कोरा करण्याची आज्ञा देतांच ती किल्ली नष्ट होते. मग मागें राहिलेलीं अक्षरें कोणासच वाचतां येत नाहींत. म्हणूनच एवढ्या मोठ्या साठ्याचें काम कांहीं मिनिटांत उरकतें. २०१९ सालीं निघालेल्या अँड्रॉइडच्या १० व्या आवृत्तीपासून ही सांकेतिक लिपि सर्व नव्या फोनांस सक्तीची आहे. त्याहून बराच जुना फोन असल्यास तो कोरा करून त्यांत एखाद्या भिंतीचें लांबलचक चित्रण भरावें व पुन्हां कोरा करावा; श्रम थोडे पडतात, पण जुनी माहिती झांकून जाते. मेमरी कार्ड मात्र हातानें काढून घ्यावें. तें वेगळें असल्यामुळें पुष्कळदां जसेंच्या तसें नव्या मालकाकडे जातें.

सिमकार्डाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. बँकेचा ओटीपी, शिधापत्रिका, शेतकऱ्यांस मिळणारें अनुदान, यांतील बहुतेकांची दोरी आज त्या एका नंबरास बांधलेली असते. फोन द्यावा, सिम देऊं नये. पैसे पाठविण्याच्या ॲपमधून बँकेचें खातें आधीं काढावें. नंबरच बंद करावयाचा असेल, तर बँकेंत व आधार केंद्रांत नवा नंबर नोंदवून मगच तो सोडावा. कारण बंद पडलेला नंबर ठराविक मुदतीनंतर, जी निदान ९० दिवसांची असते, दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, आणि तुमच्या नांवाचे संदेश त्याच्या घरीं जाऊं लागतात. घरांतल्या घरांत फोन बदलतांनाही हें पाळावें. वडिलांचा जुना फोन मुलाच्या अभ्यासास येतो, आणि मग सातवींतल्या मुलास बापाच्या कर्जाचे हप्ते ठाऊक होतात!

पावतीविषयीं आम्ही आतां फार आग्रही झालों आहों. प्रत्येक फोनास १५ आंकड्यांचा एक क्रमांक असतो, त्यास आयएमईआय म्हणतात. *#०६# हीं चिन्हें दाबलीं असतां तो पडद्यावर दिसतो. दोन सिमांच्या फोनास असे दोन क्रमांक असतात. चोरीस गेलेल्या फोनाचा क्रमांक सर्व कंपन्यांच्या जाळ्यांत एकदम बंद पाडावा, अशी सरकारी व्यवस्था आहे. तिचा प्रारंभ २०१९ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत झाला, व २०२३ च्या मे महिन्यांत ‘संचार साथी’ या संकेतस्थळानें ती सर्व देशास खुली झाली. जुना फोन घेणाऱ्यानें केवायएम हीं तीन इंग्रजी अक्षरें, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ या नंबरावर पाठविल्यास फोनाची जात व स्थिति कळते. हा क्रमांक खोडून दुसरा घालणें हा गुन्हा असून २०२३ च्या दूरसंचार कायद्यांत त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, सांगितलीं आहेत. विकणाऱ्यानें एका कागदावर फोनाचें नांव, हा क्रमांक, किंमत, तारीख, दोघांचीं नांवें व सह्या एवढें लिहून द्यावें, जवळ असल्यास मूळ बिलही द्यावें, आणि कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढें त्या फोनावरून कोणी कांहीं भलतें केलें, तर हाच कागद विकणाऱ्याच्याही उपयोगी पडतो.

किंमतीचा हिशेब पुष्कळांस चकवितो. वस्तु व सेवा कराच्या २०१७ सालच्या नियमांत, २७ व्या नियमाखालीं, याच विषयाचें एक उदाहरण दिलेलें आहे. जुना फोन देऊन नवा २०,००० रुपयांस मिळतो, आणि जुना न देतां त्याच नव्या फोनाची किंमत २४,००० रुपये असेल, तर नव्या फोनाचें मूल्य २४,००० च समजावें. म्हणजे जुन्याचे ४,००० आले. हें गणित घरीं मांडण्यासारखें आहे, पण दुकानांत एक प्रश्न अवश्य विचारावा: “जुना दिला नाहीं, तर आज रोखीनें कितीस द्याल?” सणाची सूट धरून दुकानदार २२,५०० म्हणाला, तर तुमच्या जुन्या फोनाचे खरे २,५०० च मिळत आहेत, फलकावर कांहींही लिहिलेलें असो. मग बाजारांतील दुरुस्तीवाला किंवा एखादा शेजारी ३,००० देत असल्यास त्यास देणें फायद्याचें. उलट, पडदा तडकलेला असेल व घेणारा कोणी मिळत नसेल, तर अदलाबदलीची योजनाच सोयीची. जाहिरातींतील ‘पर्यंत’ या शब्दाकडे डोळे उघडे ठेवून पाहावें. तो आंकडा निर्दोष फोनाचा असतो, आणि बॅटरी, ओरखडा, बिल यांच्या नांवानें त्यांतून वजाबाकी होत जाते. दोष आपणहून सांगणें बरें, कारण तपासणींत ते उघडकीस येतातच. विकावयाचा ठरल्यावर तो कपाटांत ठेवून देऊं नये. नवे फोन बाजारांत येतात तसतशी जुन्याची किंमत उतरते.

जो फोन चालतच नाहीं, त्याचें काय? त्यांत तांबें, चांदी, थोडें सोनेंही असतें; पण हंड्याप्रमाणें तो घरीं फोडून किंवा जाळून मोड काढतां येत नाहीं. आंतील लिथियमच्या बॅटरीस भोंक पडल्यास ती भडकते, आणि जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. बॅटरी फुगलेली दिसली तर तो फोन विजेस लावूं नये व मुलांच्या हातीं देऊं नये. २०२२ सालीं जगांत अशा विद्युत् कचऱ्याचे सुमारें ६ कोटि २० लाख टन निघाले, आणि त्यांतील पाव भागही रीतसर गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाल्याची नोंद नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशांत जे नवे नियम लागू झाले, त्यांनीं हा कचरा नोंदणीकृत कारखान्यांकडे पोहोंचविण्याची जबाबदारी माल बनविणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. तेव्हां मेलेला फोन भंगारवाल्याच्या पोत्यांत न टाकतां कंपनीच्या सेवाकेंद्रांत नेऊन द्यावा. आमच्या टेबलाच्या खणांत असे दोन फोन पडलेले आहेत, एकाची बॅटरी किंचित् फुगलेली. पुढच्या खेपेस नाशिकला जातांना ते वाळूच्या डब्यांत घालून बरोबर नेणार आहों.