जामखेडची न संपणारी शाळा

जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचं नाव निघालं की गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या आठवतात. गंमत म्हणजे मूळ आराखड्यात त्या नव्हत्याच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने १९७० साली नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या अवर्षणग्रस्त तालुक्यात, जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू केलं. गावात राहून आरोग्य बघायचं काम तेव्हा नर्सबाईकडे द्यायचं ठरलं होतं. ते जमलं नाही. नर्स म्हणजे शिकलेली, तरुण, बहुधा अविवाहित मुलगी. गावात तिचं नात्याचं कोणी नाही. रात्री दार वाजलं तर उघडावं की नाही, इथपासून तिची पंचाईत. शिवाय जिला स्वतःला लेकरू नाही तिने चार लेकरांच्या आईला बाळंतपणातलं शिकवावं, हे गावाच्या गळी उतरेना.

मग गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं. तिची निवड गावाने करायची. ज्या आल्या त्यांतल्या बहुतेक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या.

आरोळे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. तिथून बाहेर पडून ते नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात रुजू झाले. बरं करून घरी पाठवलेलं मूल थोड्या दिवसांनी त्याच जुलाबाने बेजार होऊन परत येई. पाणी तेच, उपासमार तीच, मग औषधाने किती दिवस निभावणार? पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघे परतले आणि जामखेडला आले. त्या भागात तेव्हा हजार जन्मांमागे सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

मिशनच्या आरोग्यसेवेला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं केलं आणि तरुणांना वैद्यक शिकवायलाही सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशातल्या परिचारिकांमध्ये ख्रिस्ती मुलींचंच प्रमाण फार मोठं होतं, कारण बाकीच्या समाजांना मुलींनी परक्यांची शुश्रूषा करणं कमीपणाचं वाटे. या परंपरेने चोख माणसं घडवली. पण शिकणारा बहुधा ख्रिस्ती मंडळीतला आणि शिकून झाल्यावर राबायचं ते हॉस्पिटलच्या भिंतीआड. जागतिक चर्च परिषदेने १९६८ साली जिनिव्हात ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापलं. चर्चच्या वैद्यकीय कामापैकी सुमारे ९५ टक्के काम रुग्णालयातल्या उपचारांपुरतंच आहे, हे याच वर्तुळातल्या पाहणीत दिसलं होतं. ज्या दरिद्री माणसासाठी हा सारा खटाटोप, तो हॉस्पिटलपर्यंत पोहोचतच नव्हता.

जामखेडने यातलं बरंच काही उलटं केलं. शिकवणारे ख्रिस्ती, तेही श्रद्धेने. शिकणाऱ्या मात्र हिंदू, बौद्ध, मुसलमान, आणि त्या तशाच राहिल्या. मिशन म्हटलं की आपल्याकडे पहिली शंका धर्मांतराची येते. इथे बायकांना बदलायला लावलं ते जातीबाबत, आणि माझ्या मते ते जास्त अवघड होतं. प्रशिक्षणाला आलेल्या बायकांनी एकत्र जेवायचं, एकाच ठिकाणी झोपायचं. घरी जिच्या हातचं पाणी चालत नाही तिच्या शेजारी बसून भाकरी खायची. काहीजणींचं सुरुवातीला अडलंच.

१९७२ च्या दुष्काळात हीच गोष्ट पाण्यावरून साधली गेली. बोअर कुठे घ्यायचा हा गावात नेहमीच मानापानाचा प्रश्न. आरोळ्यांनी दलित वस्तीत बोअर घेण्याचा आग्रह धरला. पंपाला पाणी लागल्यावर सवर्णांच्या घागरी आपसूक तिकडे वळल्या. भाषणांनी हे झालं असतं असं वाटत नाही.

शिकवण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. पाटी-पेन्सिल फारशी नाही. चित्रं, गाणी आणि सगळ्यात जास्त बोलणं. अमक्याची सून, तमक्याची बायको म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला आधी स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला लावत. मग गावातल्या समजुती एकेक करून पुढे घ्यायच्या. जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं, ही त्यातली सगळ्यात घातक. त्यावर साखर-मिठाचं पाणी, आणि ते हाताच्या मापाने: मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ. बाळंतिणीचा चीक पिळून टाकायचा आणि बाळाला पहिले दोन-तीन दिवस अंगावर घ्यायचं नाही, ही दुसरी. गरोदर बाईने कमी खावं, म्हणजे मूल लहान राहून सुटका सोपी होते, ही तिसरी. नाळ विळ्याने कापण्याऐवजी नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात. धनुर्वाताने मरणारी बाळं यामुळेही वाचू लागली. अंगावरचा बधिर चट्टा आणि पंधरा दिवसांवर लांबलेला खोकला ओळखायला तर डोळे-कानच पुरतात.

आणि हे शिकणं संपत नसे. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. बाई आठवड्याने पुन्हा जामखेडला यायची, गावात काय घडलं ते सांगायची. कोणाचं मूल गेलं, कुठली सासू ऐकत नाही, सरपंच कुठे आडवा आला. इतरजणी आपापल्या गावचा तोडगा सुचवायच्या, डॉक्टर त्यात भर घालायचे. गावात शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं पाठीशी असत, म्हणून तिचा शब्द एकटीचा राहत नसे. मानधन अगदी थोडं. पोटासाठी शेळ्या, बांगड्या, छोटं दुकान असा काही धंदा उभा करायला मदत मिळे. दोन दशकांनंतर या गावांतला बालमृत्यूचा आकडा तिशीच्या खाली आला होता.

ही बातमी जगभर गेली तीही चर्चच्याच वाटेने. ख्रिश्चन मेडिकल कमिशनच्या ‘कॉन्टॅक्ट’ या पत्रिकेने जामखेडवर लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं, त्यातही जामखेड आलं. संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हाफडान माहलर हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव, आणि क्षयरोगाच्या कामासाठी भारतात दशकभर राहिलेले. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, तेव्हा आधारासाठी ज्या मोजक्या प्रयोगांकडे पाहिलं गेलं त्यात हा एक होता. पुढच्या वर्षी दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारनेही घाईने धडा घेतला, पण अर्धा. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना सुरू केली. तीन महिने प्रशिक्षण, महिना पन्नास रुपये मानधन, आणि निवडले गेले बहुतांशी पुरुष! बाळंतिणीच्या खोलीत जाणार कोण, हा प्रश्न कोणाला पडला नसावा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ ही गावातलीच महिला आरोग्य कार्यकर्ती आली तेव्हा ही चूक सुधारली. पण ती निदान आठवी पास असावी, अशी अट आली. योग्य बाई मिळालीच नाही तर सूट. जामखेडच्या पहिल्या फळीतल्या बहुतेकजणी या अटीत अडकल्या असत्या. पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण २३ दिवसांचं, पाच टप्प्यांत. मोबदला कामागणिक: एवढी बाळंतपणं दवाखान्यात नेली, एवढ्या लसी टोचून घेतल्या. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. त्यांच्या बैठका होतात, पण बहुतेक वेळ रजिस्टरं भरण्यात जातो. सासू ऐकत नाही ही तक्रार रजिस्टरच्या कोणत्या रकान्यात लिहायची?

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडच्या प्रशिक्षण संस्थेत शंभरावर देशांतून माणसं शिकायला येऊन गेली आहेत. चर्चच्या दवाखान्यांतल्या नर्सेस, धर्मसेवक, डॉक्टर, त्यात बरीचशी आफ्रिका आणि आशियातली. त्यांना शिकवायला प्राध्यापकांच्या बरोबरीने गावच्या आरोग्य कार्यकर्त्याही बसतात. मराठीत बोलतात, दुभाषी सांगतो, आणि डॉक्टर मंडळी वहीत लिहून घेतात.