सामन्यापूर्वीची धडधड

आंतरशालेय कबड्डीचा अंतिम सामना आहे. पंचांची शिट्टी व्हायला दोनच मिनिटे उरली आहेत. तुमच्या छातीत धडधडते आहे, तळहातांना घाम सुटला आहे, घसा कोरडा पडला आहे. शेजारचा मित्र विचारतो, “घाबरलास काय रे?” आणि तुमच्याही मनात शंका येते, की आपण भित्रे तर नाही ना?

मुळीच नाही! तुमचे शरीर कामाला लागले आहे, एवढाच या धडधडीचा अर्थ.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. कसोटीचा प्रसंग समोर दिसताच मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत तिला संदेश जातो आणि ती ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडते. त्याबरोबर हृदय जलद चालू लागते, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. शरीराच्या या जागृत अवस्थेला उत्तेजना असे म्हणतात.

मग उत्तेजना जितकी जास्त, तितका खेळ चांगला, असे म्हणावे काय?

या प्रश्नाचा धागा एका जुन्या प्रयोगात सापडतो. अमेरिकेतील यर्किस व डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांना काळी व पांढरी अशा दोन वाटांतून पांढरी निवडायला शिकवले. चुकून काळ्या वाटेत शिरणाऱ्या उंदराला विजेचा धक्का बसे. दोन्ही वाटांतील फरक सहज कळण्याजोगा असताना धक्का जितका जोराचा, तितके उंदीर लवकर शिकले. परंतु उजेड कमी-जास्त करून फरक ओळखणे अवघड केले, तेव्हा मध्यम धक्क्याने सर्वांत लवकर शिकणे झाले. जोराच्या धक्क्याने उंदीर उलट मागे पडले.

उंदीर काही सामना खेळत नव्हते. तरीही पुढे खेळाडूंचा अभ्यास करताना हाच विचार उपयोगी पडला. भाकरीला आच कमी पडली तर ती कच्ची राहते, जास्त झाली तर करपते. खेळाचेही तसेच आहे. मात्र योग्य आच कोणती, हे कामावर अवलंबून असते. वजन उचलणाऱ्याला मोठे स्नायू एका क्षणी पूर्ण ताकदीने वापरायचे असतात. त्याला भरपूर उत्तेजना चालते. नेमबाजाचे काम याच्या अगदी उलट. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक मिळवले, त्या रायफल प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचे! हृदयाच्या एका ठोक्याने हात किंचित हलला, तरी नेम चुकू शकतो. हृदयाची गती कमी करणाऱ्या ‘बीटा-ब्लॉकर’ औषधांना नेमबाजीत बंदी आहे ती यामुळेच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एका नेमबाजाची दोन पदके या कारणावरून काढून घेण्यात आली.

अती उत्तेजनेने केवळ हात थरथरतो असे नाही, लक्षही आकसते. बेताची उत्तेजना असताना चढाई करणाऱ्याला समोरचा खेळाडू दिसतो आणि कोपऱ्यातून सरकणारा दुसराही दिसतो. प्रेक्षकांचा गोंगाट मात्र त्याच्या कानावर पडत नाही. उत्तेजना फार वाढली, की कोपऱ्यातला तो खेळाडूही नजरेतून सुटतो आणि पकड होते. उत्तेजना अगदीच कमी असेल, तर नजर प्रेक्षकांत भटकते.

शिवाय सर्वांची आच सारखी नसते. एकाला आरडाओरड्याने स्फुरण चढते, तर दुसऱ्याला शांत कोपरा हवा असतो. म्हणून शिक्षकांनी साऱ्या संघाला एकाच सुरात “पेटून उठा!” असे सांगणे नेहमीच हिताचे ठरत नाही.

हे स्वतः पडताळून पाहा. शांत बसून १५ सेकंदांत नाडीचे ठोके मोजा व त्याला चारने गुणा. मग पाच वेळा सुईत दोरा ओवा आणि लागलेला वेळ लिहा. आता एक मिनिट जागच्या जागी जोरात धावा आणि लगेच तेच पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा ठेवा, म्हणजे सरावाचा परिणाम वेगळा काढता येईल. धावण्याने वाढलेले ठोके आणि भीतीने वाढलेले ठोके तंतोतंत एक नव्हेत. पण नाजूक कामाला काय हवे असते, याची कल्पना तुम्हाला येईल.

पुढच्या सामन्याआधी धडधड फार वाटली, तर श्वास सावकाश, लांबवत सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. अंगात सुस्ती वाटली, तर चार उड्या मारा, थोडे धावा. आणि मित्राने “घाबरलास काय?” असे विचारलेच, तर त्याला खुशाल सांगा, “नाही रे, आच लावतो आहे!”