टॅब बदलायचा की नाही? आधी दोन तारखा बघा

गेल्या ऑक्टोबरात भाच्याचा लातूरहून फोन आला. "मामा, टॅब लई हँग व्हायलाय. नवीन मॉडेल आलंय, जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू का? बारा हप्ते पडतील." भाचा नीटचा रिपीटर. औसा रोडच्या बाजूला तिघांत एक खोली, डबा बाहेरून. टॅब २०२२ चा. ताईने बचत गटातून उचललेले पैसे अजून फिटायचे आहेत, आणि ते उचलले होते त्याच्याच पहिल्या वर्षाच्या फीसाठी.

हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. नांदेड आणि लातूरला शिकणारी आपली शेकडो मुलं टॅबवरच लेक्चर बघतात, टॅबवरच पीडीएफ वाचतात. दर सहा-आठ महिन्यांनी कुठल्या तरी कंपनीचं नवं मॉडेल येतं आणि हातातला टॅब एका रात्रीत जुना वाटायला लागतो. खरं तर त्या रात्रीत त्या टॅबमध्ये काहीच बदललेलं नसतं. म्हणून नव्या मॉडेलची तारीख बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दोन तारखा बघा: तुमच्या परीक्षेची, आणि तुमच्या टॅबला कंपनीकडून शेवटचा सुरक्षा अपडेट कधी आला त्याची.

आधी भाच्याचा टॅब. मी लातूरला गेलो तेव्हा सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून बघितलं. ६४ जीबीपैकी जेमतेम दोन जीबी मोकळी होती. मागच्या वर्षीची फिजिक्सची लेक्चरं डाउनलोड केलेली, तीच यंदा पुन्हा डाउनलोड केलेली. वर व्हॉट्सॲपच्या अकरा ग्रुपांचे व्हिडिओ. स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी नावाची साठवणुकीची चिप असते. मुळातच ती संथ, आणि भरत आली की नवीन काही लिहायला आधी जुनी जागा पुसून रिकामी करावी लागते. त्यात वेळ जातो आणि आपल्याला वाटतं टॅब म्हातारा झाला. आम्ही तीसेक जीबी मोकळी केली, व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद केलं, टॅब बंद करून चालू केला. लेक्चर सुरळीत चालायला लागलं. शंका राहिलीच असती, तर हव्या त्या फाइली दुसरीकडे काढून फॅक्टरी रीसेट करून बघितला असता. त्याला पैसे लागत नाहीत.

बॅटरीची तक्रार मात्र खरी होती. लिथियम बॅटरी वापराने झिजते आणि उन्हाने त्याहून लवकर झिजते. लातूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून, चार्जिंग लावून वर लेक्चर बघितलं तर बॅटरीचं आयुष्य भरभर संपतं. पण बॅटरी संपली म्हणजे टॅब संपला असं नाही. बॅटरी बदलून मिळते, आणि त्याचा खर्च नव्या टॅबच्या किमतीपुढे किरकोळ असतो. दुकानदाराने "हे मॉडेल जुनं झालं, आता पार्ट मिळत नाही" म्हटलं, तर आणखी दोन दुकानं फिरा. बऱ्याचदा तिसऱ्या दुकानात मिळतो.

आता परीक्षेची तारीख. नीट २०२५ सुद्धा कागदावर, ओएमआर पत्रिकेवर झाली. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होतात, पण तिथेही समोर माउस आणि मॉनिटर असतो, टॅब नसतो. म्हणजे टॅबचं काम लेक्चर दाखवणं आणि पीडीएफ उघडणं, एवढंच. व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, आणि चार वर्षांपूर्वीच्या साध्या टॅबमध्येही तो लेक्चरपुरता पुरतो. दुप्पट वेगाची चिप घेतली म्हणून एक तासाचं लेक्चर अर्ध्या तासात संपत नाही. शिवाय परीक्षेला पाच-सहा महिने उरले असताना टॅब बदलायचा म्हणजे ॲप, लॉगिन, डाउनलोड सगळं नव्याने मांडायचं. काही क्लासेसचं ॲप एकाच उपकरणाला बांधलेलं असतं, तिथे परवानगीसाठी चकरा मारण्यात आठवडा जातो. भाच्याला मी म्हटलं, पेपर होईपर्यंत हाच.

दुसरी तारीख जास्त महत्त्वाची, आणि ती फारसं कोणी बघत नाही. अँड्रॉइड टॅबमध्ये सेटिंगच्या तळाशी 'टॅबलेटविषयी' आणि त्यात 'सॉफ्टवेअर माहिती' असते. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती दिसते आणि सुरक्षा पॅचची तारीख दिसते. ती तारीख दोन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर कंपनी अजून टॅबची काळजी घेते आहे. दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल तर तिने हात काढून घेतला. सॅमसंगचा टॅब ए८ २०२२ च्या सुरुवातीला अँड्रॉइड ११ घेऊन आला आणि १४ पर्यंत गेला. ॲपलचा २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयपॅडओएस २६ मधून वगळला गेला. म्हणजे साध्या आयपॅडला साधारण सहा वर्षं नवी आवृत्ती मिळत राहिली. स्वस्त अँड्रॉइड टॅबला बहुधा त्याहून कमी मिळते, काही कंपन्या तर विकल्यानंतर विचारतच नाहीत.

हात काढून घेतला म्हणजे काय होतं? टॅब दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. हळूहळू एकेक ॲप दार लावून घेतं. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमची नवी आवृत्ती अँड्रॉइड ८ आणि ९ वर येत नाही, किमान १० लागतं. आणि सापडलेली भगदाडं बुजवली जात नाहीत. नुसती लेक्चरं बघणाऱ्याला याचा लगेच त्रास नाही. पण महाडीबीटीचा फॉर्म, आधारचा ओटीपी, बँकेचं ॲप आणि यूपीआय हे सगळं त्याच टॅबवर असेल तर गोष्ट वेगळी. शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात येतात त्या खात्याची किल्ली भगदाड पडलेल्या घरात ठेवल्यासारखं ते आहे.

नांदेडला आमच्याकडच्या विहाराच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारी एक मुलगी २०१८ चा टॅब वापरत होती, अँड्रॉइड ८ वाला. फॉर्म, यूपीआय सगळं त्यावरच. ती बिचारी "अजून चालतोय की, सर" म्हणून चालवत होती. तिला मात्र मी म्हटलं, बदल, आणि तोवर पैशाचं काम भावाच्या फोनवर कर. भाच्याचा टॅब तिच्या टॅबपेक्षा चार वर्षांनी तरुण होता, आणि बदलायची घाई त्यालाच होती!

नवं मॉडेल म्हणजे नेमकं काय नवं असतं, याचं एक स्पष्ट उदाहरण आहे. ॲपलने दहाव्या पिढीचा आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ४४,९०० रुपयांना आणला. मे २०२४ मध्ये त्याच आयपॅडची किंमत ३४,९०० केली. मार्च २०२५ मध्ये त्याच्या जागी ए१६ चिपचा आयपॅड आला, तोही ३४,९०० लाच. चिप नवी, सुरुवातीची साठवणूक ६४ ऐवजी १२८ जीबी. बाकी अंगकाठी तीच, पेन तेच, पडदाही तेवढाच. जाहिरातीत १०.९ इंचाचा ११ इंच झाला, पण मोजपट्टी लावली तर फरक सापडत नाही. दहाव्या पिढीचा आयपॅड हातात असणाऱ्याला या नव्यात घेण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं. २०१७ किंवा २०१८ चा आयपॅड असणाऱ्याला मात्र ही वेळ चांगली होती. आणि जो दीड वर्ष थांबला, त्याचे थांबल्यामुळे दहा हजार वाचले. आपली बहुतेक मुलं आयपॅड घेत नाहीत हे खरं, पण अँड्रॉइडच्या बाजारातही हाच खेळ चालतो. नवं आलं की मागचं उतरतं. घ्यायचंच असेल तर मागचं मॉडेल घ्या, फक्त त्याचे अपडेट अजून किती वर्षं चालणार हे कंपनीच्या संकेतस्थळावर आधी बघा. सेकंडहँडला तर हे दुप्पट लागू.

एका ठिकाणी मात्र नवा टॅब खरोखर वेगळं काम करतो: पेन. रबरी टोकाचं शंभर-दोनशेचं पेन म्हणजे बोटच, फक्त लांब. तळहात टेकला की पडद्यावर रेघोट्या. गणितं टॅबवरच सोडवायची असतील तर टॅबनेच ओळखावं असं पेन लागतं. सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटसोबत ते डब्यातच येतं, पण टॅब ए८ किंवा ए९ प्लसवर ते चालतच नाही. दुकानदाराला "पेन चालतं का" असं विचारू नका, तो हो म्हणतो. "कंपनीचं पेन चालतं का, तळहात टेकवून लिहून दाखवा" म्हणा. आणि नीटवाल्यांनी हा खर्च करूच नये. त्यांचा पेपर कागदावर आहे, सराव कागदावरच झाला पाहिजे. दोनशे रुपयांत पानंच्या पानं येतात.

आता पैसा. स्वाधार योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये धरले आहेत. या ४३,००० मध्ये भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वेगळे ५,००० आणि इतरांना २,०००. भाच्याला स्वाधार नाही, पण मोजपट्टी म्हणून बघा. वीस हजारांचा टॅब म्हणजे या हिशेबाने साडेनऊ महिन्यांचं जेवण.

"हप्त्यावर घेतो, नो कॉस्ट आहे" हे उत्तर ठरलेलं. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत लपवलेलं असतं, किंवा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. वर प्रोसेसिंग फी. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. हेही एक वेळ परवडेल. पण हप्ते बहुधा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर होतात, आणि दोन हप्ते चुकले की त्यांचा सिबिल स्कोअर घसरतो. उद्या तुमचा एमबीबीएसला किंवा इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलात, तर सहकर्जदार म्हणून तिथे वडीलच उभे राहणार आहेत. टॅबच्या हप्त्यावरून तिथे अडलेलं घर मी बघितलं आहे.

बदलायचं पक्कं झालं तर जुन्याचं काय? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला वाटलं, हा भिक्खू एवढ्या कापडाचा व्यापार मांडणार की काय! त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जीर्ण चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीच्या खोळी. खोळींचं? जमिनीवरची अंथरणं. पुढे पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि फडकी फाटली की चिखलात कालवून जमीन सारवायची. राजाचं समाधान झालं. आपल्या आयांना ही गोष्ट सांगावी लागत नाही, लुगड्याची गोधडी त्यांनी कायमच केली आहे.

टॅबचीही अशीच उतरंड लागते. पैशाच्या कामाला नालायक झालेला टॅब लेक्चरला चालतो. लेक्चरला अडखळायला लागला तर पीडीएफला चालतो. बाबासाहेबांचे महाराष्ट्र शासनाने छापलेले इंग्रजी खंड पीडीएफमध्ये मोफत मिळतात. स्कॅन केलेली मोठी फाइल जुन्या टॅबवर उघडायला वेळ लागतो, पण उघडते. अशा टॅबवरची बँक आणि यूपीआयची ॲपं काढून टाकायची, फाइली भरून ठेवायच्या आणि तो विहाराच्या अभ्यासिकेत द्यायचा. एक्स्चेंजमध्ये चार वर्षांच्या साध्या टॅबचे मिळतात किती? अभ्यासिकेतल्या दहावीच्या मुलीला त्याची किंमत त्याहून जास्त आहे.

अगदीच मेला तर भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यानुसार ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात विचारा. भंगारात गेलेला सर्किट बोर्ड शेवटी कुठेतरी उघड्यावर जाळला जातो, ॲसिडमध्ये बुडवला जातो, आणि ते हातमोज्यांशिवाय करणारे हात बहुधा आपल्यासारख्यांच्याच वस्त्यांतले असतात.

टॅब दुसऱ्याला देताना एक काम विसरू नका. नुसता रीसेट मारून दिला तर काही वेळा चालू करताना टॅब आधीचंच गुगल खातं मागतो आणि पुढचा माणूस अडकून बसतो. अभ्यासिकेला आलेले दोन टॅब आमच्याकडे असेच कपाटात पडून होते, देणारा पुण्याला निघून गेला आणि पासवर्ड त्यालाही आठवेना. आधी सेटिंगमधल्या 'खाती' मध्ये जाऊन गुगल खातं काढायचं, सॅमसंगचं असेल तर तेही काढायचं, मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्यायचं, आणि मग सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट करायचा. सुरू झाल्यावर भाषा निवडायचा पहिला पडदा दिसला की टॅब द्यायला तयार.